पानिपतावरून परत आलेले

मागच्या महिन्यात एक जुना विद्यार्थी घरी आला होता. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. मला निवृत्त होऊन सतरा-अठरा वर्षं झाली, पण अशी एखादी पत्रिका अजूनही येते. बँकेत जमा होतं ते पेन्शन वेगळं आणि हे वेगळं!

हा मुलगा (आता चोपन्न-पंचावन्नचा असेल, पण मला मुलगाच) धनगराच्या घरातला. आईवडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, ते पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचे. हा आत्याकडे राहून शिकला. पुढे सैन्यात गेला, हवालदार होऊन घरी आला, आता गावाकडे शेती बघतो. पोहे झाले, चहा झाला, वर्गातलं कोण कुठे आहे याची उजळणी झाली. लग्नाला तुझ्या वर्गातले कोण कोण येणार, असं मी सहज विचारलं. तर हसत म्हणाला, "येणार की सगळे. पळपुट्याच्या पोरीचं लगीन म्हटल्यावर कोण राहतंय?"

मला काही कळेना. "पळपुटा कोण?"

"मीच की बाई. तुमच्याच तासाला पडलं ते नाव."

मला खरोखर काही आठवत नव्हतं. मग त्यानेच सांगितलं. मी पानिपतचा धडा शिकवत होते. 1983 साल असावं. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले, हे मी मोठ्या रंगात येऊन सांगत असे. सांगताना माझाही गळा दाटून येई. आणि मग आवाज बदलून मी म्हणत असे, "आणि मल्हारराव होळकर? ते मात्र रणातून निघून गेले!" त्या दिवशी हा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मग आमचे मल्हारराव पळपुटे होते का?" मी म्हणाले, "पळाले म्हटल्यावर पळपुटेच म्हणायचं, दुसरं काय?" वर्ग हसला. मीही हसले असेन. तास संपला. माझ्यासाठी संपला, त्याच्यासाठी नाही.

"सैन्यात कुणाला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला, "तेवढी वर्षं सुटका झाली. गावात आलो की पुन्हा तेच." हे सगळं हसत हसत सांगितलं त्याने. मनात काही ठेवल्यासारखं वाटलं नाही. पाया पडून गेला. पण मंडळी, तो गेल्यावर मला दुपारी झोप लागली नाही. पत्रिका टेबलावर, आणि डोक्यात एकच: आपण कोणत्या आधारावर बोललो होतो?

आधार तसा होता. तो आधी सांगते, म्हणजे माझी बाजूही कळेल.

आमच्या घरी दादा, म्हणजे माझे वडील, भाऊसाहेबांचे भक्त. संक्रांतीला तिळगूळ वाटून झाला की पानिपतची गोष्ट ठरलेली. पुढे मी बी.ए.ला इतिहास घेतला, तेव्हा या भक्तीला शास्त्राचा टेकू मिळाला. कारण भाऊसाहेबांवर इतिहासाने खरोखरच अन्याय केला होता. तो कसा झाला ते पाहण्यासारखं आहे.

सदाशिवरावभाऊ म्हणजे चिमाजीअप्पांचे चिरंजीव. 1760च्या फेब्रुवारीत उदगीरला त्यांनी निजामाला हरवलं आणि साठ लाखांचा मुलूख व दौलताबाद, अशीरगडासारखे किल्ले मिळवले. त्या वेळी जर कुणी त्यांची कीर्ती लिहून ठेवली असती, तर तिशीच्या आतला तडफदार सेनापती, हिशेबात चोख, तोफखान्याचं महत्त्व ओळखणारा, अशी लिहिली असती. ऑगस्टमध्ये त्यांनी दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतला. तिथपर्यंतही सगळं ठीक. आणि 14 जानेवारी 1761 ला एका बुधवारी सगळं गेलं. विश्वासराव गेले, भाऊ गेले, जनकोजी शिंदे गेले, इब्राहिमखान गारदी पकडला जाऊन मारला गेला. जूनमध्ये नानासाहेब पेशवेही गेले.

त्यानंतर जे लिहिलं गेलं, त्यात तोच माणूस हट्टी, गर्विष्ठ, कुणाचं न ऐकणारा झाला. बखरींमध्ये तो मल्हाररावांचा आणि सूरजमल जाटाचा सल्ला तुसडेपणाने उडवून लावतो. जड सामान आणि कुटुंबकबिला मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा, असं हे दोघे सांगत होते, आणि भाऊ ऐकत नव्हते. काशीराज पंडित हा त्या लढाईच्या वेळी शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे पलीकडच्या गोटात होता. त्याने आपली हकीकत फारसीत लिहिली ती लढाईनंतर सुमारे एकोणीस वर्षांनी. तिचं इंग्रजी भाषांतर झालं आणि साहेबलोकांना पानिपत कळलं ते मुख्यतः तिच्यातून. 1826 मध्ये ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास आला. मग शाळांच्या पुस्तकांत हट्टी भाऊ कायमचा जाऊन बसला.

यात सगळं खोटं होतं असं नाही. पण बखर लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो हो. तो शेवटाकडून मागे येत लिहितो. भाऊ जिंकले असते, तर ज्याला हट्ट म्हटलं त्यालाच निर्धार म्हटलं असतं. दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून सैन्याचा पगार भागवला, तो जिंकलेल्याचा व्यवहारीपणा ठरला असता. हरलेल्याचा उद्धटपणा ठरला.

1898 मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्यात 1750 ते 1761 या काळातली अस्सल पत्रं आली. पत्र आणि बखर यांतला फरक मी मुलांना नेहमी सांगत असे. पत्र लिहिणाऱ्याला उद्याचं काही माहीत नसतं. भाऊसाहेबांच्या पत्रांत पैसा नाही ही चिंता आहे, यमुनेला पूर आला ही चिंता आहे, गोविंदपंत बुंदेल्याकडून रसद आणि पैसा वेळेवर का येत नाही ही चिंता आहे. बखरीतला तो घमेंडखोर माणूस त्या पत्रांत सापडत नाही. दिसतो तो दूरदेशी अडकलेला, कामाला वाहून घेतलेला, जरा जास्तच एकटा पडलेला माणूस. पुढे त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी आयुष्याची कितीतरी वर्षं पानिपतावर घालवली. 1946 मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि 1961 मध्ये, बरोबर दोनशे वर्षांनी, मराठी. नंतर 1988 मध्ये विश्वास पाटलांची कादंबरी आली आणि घराघरांत भाऊसाहेबांबद्दल आदर निर्माण झाला. दादा तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांनी पारायणं केली असती!

थोडक्यात, शंभर-सव्वाशे वर्षांत एका सेनापतीची गेलेली अब्रू परत आली. ही चांगलीच गोष्ट झाली. माझं म्हणणं एवढंच, की ती परत आणताना आम्ही तिची किंमत कुणाच्या खात्यावर टाकली?

पराभव एवढा मोठा, तर त्याला कुणीतरी जबाबदार हवा. भाऊ नाहीत, तर मग कोण? राजवाड्यांनीच गोविंदपंतांवर आणि मल्हाररावांवर ठपका ठेवला. गोविंदपंत तर लढाईच्या आधी, डिसेंबर 1760 मध्येच, शत्रूच्या हातून मारले गेले होते. उरले मल्हारराव. तराजूचं एक पारडं वर गेलं ते दुसरं खाली आलं म्हणूनच. मी वर्गात जे केलं ते हेच. भाऊसाहेबांसाठी गळा दाटून येताना दुसऱ्या हाताने मी मल्हाररावांना खाली ढकलत होते, आणि त्याबरोबर पुढच्या बाकावरच्या एका मुलालाही.

त्या रात्री कागद घेऊन बसले. जुनी सवय. त्या दिवशी पानिपतावरून कोण कोण जिवंत परत आलं, याची यादी करायला लागले. मोठी माणसं चटकन आठवतात.

महादजी शिंदे परत आले. पायावर वार झाला होता. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना वाचवलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तो पाय जन्मभर अधू राहिला आणि त्याचा कुणी कधी उपहास केला नाही. दहा वर्षांनी, 1771 मध्ये, मराठ्यांनी पुन्हा दिल्ली घेतली त्यात महादजी होते. मग तो लंगडता पाय म्हणजे पानिपतची आठवण आणि प्रतिज्ञा, असं सगळं झालं.

नाना फडणीस परत आले. तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. त्या धामधुमीत आई गमावली. कसे लपतछपत, चालत, जीव वाचवत आले ते त्यांनी स्वतःच आपल्या छोट्याशा आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. ते वाचून आपण हळहळतो. पुढे ते साडेतीन शहाण्यांत गणले गेले. त्यांना पळपुटे म्हणण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही. आणि येऊही नये.

दमाजी गायकवाड परत आले, विठ्ठल शिवदेव विंचूरकर परत आले. इब्राहिमखान गारद्याच्या शेजारची फळी त्यांची होती, आणि तेही मोडलेल्या फळीतून बाहेर पडले. शाळेत शिकवताना मी एकदाही त्यांचं नाव घेतलं नव्हतं.

आणि मल्हारराव परत आले. वय सदुसष्टच्या आसपास. नीरेकाठच्या होळ गावचे. चिमाजीअप्पांबरोबर 1739 मध्ये वसईला लढलेले. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात एकुलता एक मुलगा, खंडेराव, गमावलेले. ज्या सुनेला त्यांनी कारभार शिकवला ती अहिल्याबाई, तिचं नाव आपण आज हात जोडून घेतो. पण शिकवणारा सासरा मात्र आमच्या धड्यात रणातून निघून जाणारा!

एकाच रणातून एवढी माणसं परत आली आणि डाग एकट्याला लागला. असं का व्हावं?

मला वाटतं, महादजींना आणि नानांना नंतर तीस-चाळीस वर्षांचं आयुष्य मिळालं. त्या वर्षांच्या उजेडात त्यांचा तो एक दिवस आपण वाचतो. मल्हाररावांना मिळाली जेमतेम पाच वर्षं. 20 मे 1766 ला आलमपूरला ते वारले. त्या पाच वर्षांत ते काही स्वस्थ बसले नव्हते. पानिपतानंतर अकरा महिन्यांच्या आत, नोव्हेंबर 1761 मध्ये, मांगरोळला त्यांनी जयपूरच्या माधोसिंगाच्या फौजेला हरवलं. मराठे संपले असं समजून राजपुतान्यात सगळे उठू पाहत होते, त्यांना तिथेच चाप बसला. ही लढाई मी वर्गात कधी सांगितली नाही. खरं सांगायचं तर, पानिपतपुढे मला ती लक्षात ठेवण्यासारखी वाटलीच नव्हती. पण मांगरोळला लढले ते पानिपतावरून वाचून आले म्हणूनच ना?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी पुन्हा तेच करीन. एकाला धुताना दुसऱ्याला मळवीन. मल्हाररावांची एक मोठी चूक आहेच. 1757 मध्ये नजीबखान रोहिला मराठ्यांच्या हाती सापडला होता. मल्हाररावांनी रदबदली केली आणि रघुनाथरावांनी त्याला सोडलं. त्याच नजीबाने पुढे अब्दालीला धान्याची, पैशाची, माणसांची मदत उभी केली. भाऊसाहेबांना ही गोष्ट टोचत असणारच. आणि पानिपतावर मल्हारराव उजव्या फळीत होते ते नेमके नजीबाच्या समोर. तिथे ते म्हणावे तसे झुंजले नाहीत, असा आरोप आहे. होळकरांच्या बाजूने सांगतात ते असं, की बायकामाणसांना सांभाळून न्या असं भाऊसाहेबांनीच त्यांना सांगितलं होतं. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई सुखरूप परत आल्या हे खरं आहे. बाकी कुणाचं म्हणणं किती खरं, याचा निकाल मी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून देऊ शकत नाही. वर्गात मात्र मी तो एका वाक्यात दिला होता.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. भाऊसाहेबांनी त्या दिवशी गोलाची लढाई ठरवली होती. तोफा आणि गारद्यांची पायदळं पुढे, मध्ये बाजारबुणगे आणि कुटुंबं, आणि सगळ्यांनी मिळून तो गोल न मोडता सरकायचं. ही लढाई जागा धरून उभं राहणाऱ्यांची. होळकरांचे घोडेस्वार जन्मभर जागा सोडण्याचीच लढाई लढलेले. आज इथे, उद्या तीस कोसांवर. शत्रू जोरात असेल तर बाजूला व्हायचं, दमला की पुन्हा यायचं. त्यात निघून जाणं ही लाज नव्हती, ती रीत होती. याच रीतीला आपण शिवाजीमहाराजांच्या धड्यात गनिमी कावा म्हणतो आणि मुलांना शाबासकी देऊन पाठ करायला लावतो. भाऊसाहेबांची पद्धत चुकीची नव्हती, उदगीरला तिनेच यश दिलं होतं. मल्हाररावांचीही चुकीची नव्हती. एका रणात दोन्ही एकत्र बांधल्या गेल्या आणि त्या जुळल्या नाहीत. हे दोघांपैकी एकट्याचं पाप म्हणता येईल का?

आणि अब्दाली? आपल्याकडे त्याचं नाव घेतलं की लूट आणि कत्तल आठवते. ती खोटी नाही. पण कंदाहारला त्याची कबर आहे, आणि अफगाण लोक त्याला आदराने अहमदशाह बाबा म्हणतात. सेनापती तोच, लढाई तीच. कुठे उभं राहून पाहता त्यावर सगळं.

खरं तर मेलेल्या माणसाला लोक लवकर क्षमा करतात. भाऊसाहेब मेले हेच कित्येकांनी मान्य केलं नाही. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत कुंकू पुसलं नाही असं सांगतात. पुढे भाऊसाहेबांचा तोतया निघाला आणि त्याच्यामागे माणसं गेली. 1776 मध्ये त्याला देहदंड झाला तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं. ज्याला बखरी गर्विष्ठ म्हणत होत्या, तो परत यावा म्हणून लोक एवढे आसुसलेले होते! परत न आलेल्याची वाट पाहिली गेली, आणि परत आलेल्याला विचारलं गेलं, तू कसा काय आलास?

हे वाक्य मनात आलं तेव्हा मी दोन दिवसांनी त्या मुलाला फोन केला. म्हटलं, अरे, मला एक सांग, तू सैन्यात होतास. मल्हाररावांबद्दल तुला आता काय वाटतं? मला वाटलं तो जोरात बाजू घेईल. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाई, तिथं काय झालं ते मी नव्हतो बघायला. लवकर निघाले असतील तर निघाले असतील. पण फळी मोडल्यावर राहिलेली माणसं बाहेर काढायची, हे पण कामच असतंय. ते नीट झालं तर त्याची गोष्ट होत नाही. माणसं घरी जातात, जेवतात, झोपतात."

मी त्याला म्हणाले, "त्या दिवशी मी तुला चुकीचं उत्तर दिलं रे."

तर म्हणतो, "जाऊ द्या बाई. तुम्ही शिकवलेलं पानिपत अजून पाठ आहे मला. शेवटच्या ओळीपर्यंत."

त्याला बरं वाटावं म्हणून नाही, पण मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. पस्तीसेक वर्षं मी शिकवलं. दर वर्षी निदान चाळीस मुलं धरली तरी हजाराच्या वर घरांत मल्हाररावांचा पळपुटेपणा माझ्या आवाजात गेला. ग्रँट डफला आम्ही नावं ठेवतो. बखरकारांना ठेवतो. पण सेनापतीची कीर्ती काय फक्त जाड पुस्तकांत ठरते? ती संक्रांतीच्या दिवशी घरात ठरते, खडूने माखलेल्या हाताच्या बाईंच्या आवाजाच्या चढउतारात ठरते. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते, चुका सुधारता येतात. झालेल्या तासाची दुसरी आवृत्ती कुठून काढायची?

नातवाला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, आजी, तू फार विचार करतेस. असेलही. या वयात दुसरं काय करायचं?

लग्न वैशाखात आहे. गुडघ्यांचा प्रश्न आहे, पण सूनबाई गाडीने नेते म्हणाली आहे. त्याच्या वर्गातली पोरं, म्हणजे पन्नाशी उलटलेले बाप्ये, सगळी तिथे असणार. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी त्याला त्या नावाने हाक मारणारच. मारली की मी उभी राहणार आहे. भाषण नाही करायचं. एवढंच सांगायचं, की 1983 साली याने वर्गात एक चांगला प्रश्न विचारला होता, आणि बाईंना उत्तर येत नव्हतं.